व्हीलचेअर बॅडमिंटन: आधी चाक, मग रॅकेट

पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटन पहिल्यांदा आलं ते टोकियोला, २०२१ मध्ये. तिथे भारताने चार पदकं घेतली, २०२४ ला पॅरिसमध्ये पाच. एकूण नऊ. ही नऊच्या नऊ पदकं उभं राहून खेळणाऱ्या वर्गांतली (म्हणजे दिव्यांगत्वानुसार पाडलेल्या गटांतली) आहेत, व्हीलचेअरवर एकही नाही. पॅरिसला गेलेल्या भारताच्या १३ बॅडमिंटनपटूंमध्ये व्हीलचेअर खेळाडूच नव्हता. दोन्ही स्पर्धांत मिळून व्हीलचेअरची १२ सुवर्णपदकं होती, ती सगळी चीन आणि जपानने वाटून घेतली.

आपल्याकडे व्हीलचेअर खेळाडू नाहीत असं नाही. प्रेमकुमार अले, अबू हुबैदा ही नावं या खेळातल्यांना माहीत आहेत. अडचण वेगळी आहे. उभ्याने खेळणाऱ्या मुलाला चांगला कोच आणि रॅकेट मिळाली की तो पुढे सरकतो. खुर्चीवरच्या खेळाडूचं तसं नसतं. त्याची खुर्ची मापाची नसेल, वर्ग चुकीचा समजला गेला असेल किंवा खांदा दोन वर्षांत खर्च झाला असेल, तर उत्तम फटके असूनही कारकीर्द तिथेच अडकते. मुंबईत कोणी हा खेळ गांभीर्याने घ्यायचा म्हणत असेल, तर रॅकेट कुठली घ्यायची हा प्रश्न यादीत बराच खाली येतो.

वर्ग: डब्ल्यूएच-१ की डब्ल्यूएच-२

व्हीलचेअरचे वर्ग दोनच. पायांबरोबर कमरेवरच्या धडाची ताकदही कमी झालेली असेल तर डब्ल्यूएच-१. एक किंवा दोन्ही पायांत दोष आहे पण धडावर जवळजवळ पूर्ण ताबा आहे, तर डब्ल्यूएच-२. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेला खेळाडू सहसा पहिल्यात जातो आणि पाय कापावा लागलेला दुसऱ्यात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. आपल्या यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर) ४० टक्के, ७० टक्के असा जो आकडा असतो, त्याचा खेळातल्या वर्गाशी काहीही संबंध नाही. तो आकडा सरकारी सवलतींसाठी. खेळाचा वर्ग ठरवायला वर्गीकरण करणारं पॅनेल खेळाडूला बाकावर बसवून हात न टेकवता पुढे, बाजूला, मागे झुकायला सांगतं, स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा मोजमापात तपासतं, मग खुर्चीत बसवून हालचाली पाहतं आणि शेवटी प्रत्यक्ष सामन्यातही नजर ठेवतं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण परदेशातल्या स्पर्धेच्या तोंडावर होतं, म्हणून पहिल्या स्पर्धेला आधी पोहोचावं लागतं आणि खर्चात हॉटेलचे जादा दिवस धरावे लागतात. वैद्यकीय कागद अपुरे असले (एमआरआयचा जुना अहवाल, न्यूरोलॉजिस्टचं पत्र, शस्त्रक्रियेचे तपशील) तर तपासणी अडते आणि तिकिटाचे पैसे वाया जातात. चाचणीत मुद्दाम कमी ताकद दाखवणं हा गुन्हा मानला जातो, त्यासाठी बंदी येते.

एकसारखी इजा असलेले दोघे वेगळ्या वर्गांत खेळू शकतात. मुंबईत अणुशक्तीनगरला वाढलेली मानसी जोशी मांडीतून पाय गेल्यावर कृत्रिम पाय लावून उभ्याने, एसएल-३ वर्गात खेळते आणि २०१९ ची जगज्जेती आहे. जपानचा दाइकी काजिवारा याचाही पाय मांडीतूनच गेला, पण तो डब्ल्यूएच-२ मध्ये खुर्चीवर खेळतो. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे एकेरीचं सुवर्ण त्याचंच. म्हणून पाय गमावलेल्या नव्या खेळाडूने पहिल्याच महिन्यात खुर्चीही वापरून पाहावी. कृत्रिम पायाच्या टोकाला जखमा होत असतील तर खुर्चीचा पर्याय जास्त शहाणपणाचा ठरतो.

दुहेरीत वर्गाला वेगळंच महत्त्व आहे. जोडीतल्या दोघांच्या वर्गांची बेरीज तीनपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे दोन डब्ल्यूएच-२ एकत्र खेळू शकत नाहीत, प्रत्येक जोडीत किमान एक डब्ल्यूएच-१ लागतोच. त्यामुळे धडाची ताकद कमी असलेल्या चांगल्या खेळाडूला जोडीदाराची वानवा कधी नसते. एकेरीत मधल्या क्रमांकावर राहणारा डब्ल्यूएच-१ दुहेरीतून मोठ्या स्पर्धांपर्यंत पोहोचू शकतो, ही वाट आपल्याकडे फार कमी जण विचारात घेतात.

कोर्ट छोटं, पण सोपं नाही

एकेरीत कोर्टाची रुंदी निम्मी असते. शिवाय जाळीपासून १.९८ मीटरवर जी शॉर्ट सर्व्हिस लाइन असते, तिच्या आणि जाळीच्या मधली जागा बाद. शटल तिथे पडलं तर मारणाऱ्याचा गुण गेला. जाळीपासून मागच्या रेषेपर्यंत ६.७० मीटर, त्यातून १.९८ वजा केले की खेळाडूच्या वाट्याला ४.७२ मीटर लांबीचा पट्टा उरतो. दुहेरीत रुंदी पूर्ण, पण पुढची जागा तिथेही बादच.

जाळी मात्र तेवढीच उंच, खांबांपाशी १.५५ मीटर. सगळा खेळ या एका गोष्टीमुळे बदलतो. बसून, हात पूर्ण वर ताणून रॅकेट शटलला लागते ती उंची २.२ मीटर धरू. मागच्या रेषेजवळून, जाळीपासून ६ मीटरवरून सरळ रेषेत स्मॅश मारला आणि तो जाळीला जेमतेम चाटून गेला, तर त्या ६ मीटरमध्ये शटल फक्त ६५ सेंटिमीटर खाली येतं. त्याच उताराने जमिनीला लागायला त्याला जाळीपलीकडे १४ मीटर लागतील आणि कोर्ट आहे पावणेसात मीटरचं. प्रत्यक्षात हवेच्या रोधामुळे शटल मंदावतं आणि आधीच पडतं, पण मंदावलेलं शटल उचलायला समोरच्याला भरपूर वेळ मिळतो. तोच फटका जाळीपासून २ मीटरवरून मारला तर पावणेपाच मीटरवर जमिनीत. थोडक्यात, मागून स्मॅश मारून गुण मिळत नाही. आधी समोरच्याला उंच क्लिअरने मागे ढकलायचं, मग ड्रॉप टाकून पुढे खेचायचं, असं करत त्याची खुर्ची एकदा चुकीच्या दिशेने वळेपर्यंत थांबायचं. रॅली लांबतात, कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या. उभ्याने खेळून आलेला माणूस इथे हमखास दोन चुका करतो: मागून स्मॅश मारत राहतो, आणि सवयीने जाळीलगत नाजूक ड्रॉप टाकतो, जो बाद जागेत पडतो. इथला चांगला ड्रॉप सव्वादोन-अडीच मीटरवर पडायला हवा.

नियम मोजकेच, पण पाठ हवेत. शटलला रॅकेट लागते त्या क्षणी धडाचा काही भाग सीटला टेकलेला असला पाहिजे, उसळी मारून उचललेलं अंग म्हणजे फॉल्ट. पाय फूटरेस्टला बांधलेले हवेत, खेळताना ते जमिनीला लागता कामा नयेत. कमरेला आणि मांड्यांवर लवचीक पट्टा चालतो. सीट सपाट किंवा मागे उतरती चालते, पुढे उतरती नाही. सर्व्हिस करताना संपूर्ण शटल काखेच्या खाली असावं लागतं आणि सर्व्हिस सुरू झाल्यावर दोघांचीही चाकं स्थिर. शटल खुर्चीला लागलं तर ते अंगाला लागल्यासारखंच.

खुर्ची

घरात वापरायची घडीची खुर्ची यासाठी चालत नाही. काही दिवस हात बसवायला ठीक आहे, पण तिच्यावर जितके महिने काढाल तितक्या चुकीच्या सवयी लागतात. खेळाच्या खुर्चीची चौकट न घडणारी, बहुधा ॲल्युमिनियमची. मोठी चाकं वरून आत आणि खालून बाहेर तिरकी असतात. हा तिरकेपणा म्हणजे कॅम्बर, १५ ते २० अंशांच्या आसपास. त्याने खुर्ची चटकन वळते आणि बाजूला कलंडत नाही, फक्त तळाशी रुंदी वाढते. मागे एक किंवा दोन छोटी चाकं लांबवर काढलेली असतात, ती अँटी-टिप चाकं. बॅडमिंटनमध्ये ती अत्यावश्यक, कारण डोक्यामागचं शटल घ्यायला खेळाडू पाठ मागे टाकून जवळजवळ आडवा होतो. ती फार उंच बसवली तर खुर्ची मागे झोका घेऊन मग टेकते आणि तेवढ्यात शटल निघून जातं. जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर पुरेत.

माप घेताना खेळायचे कपडे घालूनच बसवावं. नितंबांची रुंदी आणि सीटची रुंदी यांत फट जवळजवळ नसावी. सीट एक इंच जरी रुंद असली तरी फटक्याच्या वेळी अंग आत सरकतं आणि धडातून येणारा जोर गळून जातो. हात चाकाच्या पुशरिमच्या (हाताने ढकलायच्या कडीच्या) माथ्यावर ठेवला असता कोपर १०० ते १२० अंशांत वाकलेलं हवं. त्याहून सरळ राहिलं तर सीट उंच आहे, जास्त वाकलं तर खाली. डब्ल्यूएच-१ खेळाडूला सीटचा मागचा भाग बराच खाली उतरवलेला आणि पाठ थोडी उंच लागते, नाहीतर तो प्रत्येक फटक्यानंतर पुढे कोसळतो. डब्ल्यूएच-२ ला पाठ बुटकी हवी, उंच पाठ त्याला मागे वाकूच देत नाही. चाकाचा आस पुढे घेतला की खुर्ची हलकी, चपळ होते आणि मागे उलटायलाही सोपी. नवशिक्याने आस मागे ठेवून सुरुवात करावी आणि दर काही महिन्यांनी थोडा थोडा पुढे आणावा.

मापाची परदेशी खुर्ची काही लाखांच्या घरात जाते. इथे एक सल्ला स्पष्ट द्यायला हवा: वाढत्या वयाच्या मुलासाठी किंवा इजेला वर्षही न झालेल्या माणसासाठी पहिलीच खुर्ची महागडी, पक्क्या मापाची घेऊ नये. पहिल्या वर्षात वजन आणि मांड्यांचा घेर दोन्ही बदलतात. आस आणि सीटची उंची बदलता येईल अशी वापरलेली खुर्ची घ्यावी, आणि पक्क्या मापाचा खर्च वर्ग निश्चित झाल्यावर करावा.

मुंबईची हवा हा वेगळा जाच. खाऱ्या दमट हवेत बेअरिंग आणि आसाच्या पिना गंजतात, चाक फिरताना किरकिर ऐकू येते तोवर उशीर झालेला असतो. आठवड्यातून एकदा चाकं काढून आस पुसून, सुकवून, तेलाचा हलका हात द्यावा. पुढच्या छोट्या चाकांत केस आणि धागे गुंडाळले जातात, तेही काढावेत. टायरवर छापलेल्या दाबाइतकी हवा दर सत्राआधी तपासावी. सिंथेटिक मॅटवर हवा कमी असेल तर प्रत्येक ढकलीला जास्त जोर लागतो, आणि तो जोर खांद्यातूनच जातो.

चाक आणि रॅकेट एकाच हातात

पहिले काही आठवडे शटल बाजूला ठेवून फक्त चाक. कोर्टाच्या पट्ट्याच्या मध्यापेक्षा किंचित मागे जागा धरायची, कारण पुढे ढकलणं सोपं आणि मागे खेचणं अवघड. दोन ढकलीत पुढे, थांबा, दोन खेचीत मागे, थांबा. हे रॅकेटशिवाय जमलं की रॅकेट हातात घेऊन तेच. रॅकेटची मूठ तळव्यात ठेवून अंगठ्याच्या बुडाने आणि तळव्याच्या टाचेने पुशरिम दाबायची. रॅकेटच्या हाताची पकड अर्धवटच असते, त्यामुळे खुर्ची वाकडी जाते आणि ती सरळ ठेवायचं काम मोकळ्या हाताला शिकावं लागतं. सुरुवातीला रॅकेटची कड चाकावर आपटून फ्रेम तडकतात. शिकताना स्वस्त रॅकेट वापरावी.

मग मागे खेचता खेचता डोक्यावरून क्लिअर. इथे बहुतेकांचं घोडं अडतं. खुर्ची मागे जात असताना फटका मारला तर शटलला लांबी मिळत नाही. खेच आधी संपली पाहिजे, चाक क्षणभर रोखलं पाहिजे, मग फटका. डब्ल्यूएच-१ खेळाडू मोकळ्या हाताने चाक घट्ट धरून मागे वाकतो आणि त्याच हाताने स्वतःला परत ओढून घेतो. कोचने हाताने एकामागून एक २०-२५ शटल द्यावीत, एक मागे, एक पुढे, आणि खेच आळशी दिसू लागली की तिथेच थांबवावं. दमलेल्या अवस्थेत घोटलेली चूक पक्की होते.

खांदा, कातडी, पाणी

उभ्याने खेळणारा घरी गेल्यावर खांद्याला विश्रांती मिळते. इथे नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून टॅक्सीत, संडासाच्या सीटवर, सगळीकडे तोच खांदा. म्हणून व्यायामात ढकलण्यापेक्षा ओढण्याचे प्रकार जास्त हवेत: रबरी पट्ट्याने रोइंग, कोपर अंगाला टेकवून हात बाहेर फिरवणं, खांद्याची पाती मागे आवळणं. छाती आणि पुढचे स्नायू आधीच ताणलेले असतात, त्यांना जिममध्ये बेंच प्रेस करून आणखी आवळण्यात अर्थ नाही. त्या कुशीवर झोपल्यावर रात्री खांदा दुखू लागला, तर डोक्यावरचे फटके ताबडतोब थांबवून फिजिओकडे जावं. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, मुंबईकराने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

संवेदना नसलेल्या भागावर घामट कपडा, घट्ट सीट आणि दोन तास बसणं यातून जखम होते, आणि नितंबावरची जखम महिनोन्‌महिने पालथं झोपवते. दर १५ ते ३० मिनिटांनी अंग झुकवून दाब मोकळा करायचा, घरी आल्यावर आरशात कातडी पाहायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी सराव नाही.

लघवीसाठी कॅथेटर (नळी) वापरणारे बरेच खेळाडू प्रवासात आणि हॉलमध्ये पाणीच पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहात खुर्ची शिरत नाही. याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि ताप येऊन आठवडा जातो. पाणी कमी करण्याऐवजी लघवी काढायची वेळ बांधावी, चार ते सहा तासांनी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल तर दोन गोष्टी जपाव्यात. इजेखालच्या अंगाला घाम पुरेसा येत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या मुंबईत बंद हॉलमध्ये अंग तापतं. पाण्याचा फवारा आणि ओला पंचा जवळ हवा. दुसरं, भरलेलं मूत्राशय किंवा आवळलेला पट्टा यानेही रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर सरळ बसवून पट्टे सैल करून कारण शोधायचं. काही जण मुद्दाम हा दाब वाढवून खेळायचे, त्यावर बंदी आहे.

हॉल मिळवणं

मुंबईतल्या हॉलवाल्यांचा पहिला आक्षेप असतो मॅट खराब होईल. त्यात तथ्य थोडंच आहे. डाग न पाडणाऱ्या टायरने मॅटला काही होत नाही. खराबी होते ती रस्त्यावरून आलेल्या चाकातल्या खडीने आणि सैल झालेल्या फूटरेस्टच्या स्क्रूने. म्हणून खेळाची खुर्ची रस्त्यावर कधीच न्यायची नाही, हॉलच्या दारात चाकं पुसायची, आणि हे हॉलवाल्यासमोर करून दाखवायचं. जागा निवडताना मोजपट्टी न्यावी. तिरक्या चाकांची रुंदी ९० सेंटिमीटरच्या आसपास जाते, इमारतींची बरीच दारं त्याहून अरुंद असतात. मागच्या रेषेपलीकडे भिंत लगेच असेल तर तो हॉल सोडावा. जोरात मागे खेचणाऱ्याला भिंत दिसत नसते.

रोजची आणि खेळाची अशा दोन खुर्च्या घेऊन प्रवास हा मोठा खर्च. लोकलच्या दिव्यांग डब्यात गर्दीच्या वेळी न घडणारी चौकट चढवणं अशक्यच, आणि टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसलेली. चाकं बटण दाबून निघतात, चौकट मागच्या सीटवर ठेवावी लागते. हॉलमध्येच खुर्ची कुलपात ठेवायची परवानगी मिळाली तर भाड्यात थोडे पैसे जास्त देऊनही ती घ्यावी.

स्पर्धा, पैसा आणि थांबायची वेळ

वाट साधारण अशी: राज्य, मग राष्ट्रीय, मग जागतिक महासंघाच्या सर्किटवरच्या स्पर्धा, जसं दुबई, युगांडा किंवा स्पेनमधलं व्हिटोरिया. खेलो इंडिया पॅरा गेम्स डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्या, त्यात बॅडमिंटन आहे. केंद्राच्या टॉप्स योजनेत (ऑलिम्पिक-पॅरालिम्पिक पदकांच्या तयारीसाठीची योजना) मुख्य गटात निवड झाली तर महिन्याला ५०,००० रुपये भत्ता मिळतो, पण तिथवर पोहोचेपर्यंतचा खर्च खेळाडूचा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रं पडताळून घ्यावी लागतात, म्हणून पहिल्या जिल्हा स्पर्धेपासूनचा प्रत्येक कागद जपावा. विमानाने जाताना खुर्चीच्या चाकांची वेगळी पिशवी, दोन जादा ट्यूब आणि आसाच्या पिना न्याव्यात. ॲलन की आणि पंप चेक-इन सामानात, हातातल्या पिशवीत नाही.

औषधांचा घोळ होतो. मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या दुखण्यावर बऱ्याचदा ट्रामाडॉल लिहून दिलं जातं, आणि १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात ते बंदीच्या यादीत आहे. डॉक्टरला आधीच सांगावं. डोपिंग चाचणीसाठी आपला ठावठिकाणा कळवत राहणंही तितकंच गंभीर: टोकियोचा सुवर्णविजेता प्रमोद भगत १२ महिन्यांत तीनदा ठावठिकाण्याच्या नियमात चुकला, १८ महिन्यांची बंदी आली आणि पॅरिस हुकलं.

वयाची भीती बाळगायचं कारण नाही. जपानची सरिना सातोमी २०१६ मध्ये अपघातात जखमी झाली, २०१७ मध्ये खेळायला लागली आणि २०२१ मध्ये टोकियोत सुवर्ण घेऊन गेली. आपल्याकडे जुने व्हीलचेअर खेळाडू बरेचसे पोलिओमुळे लहानपणापासून खुर्चीवर होते. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण २०११ चा. आता येणारा नवा खेळाडू बहुधा रस्त्यावरच्या किंवा रेल्वेच्या अपघातानंतर, विशी-तिशीत येतो. त्याची सुरुवात इजेनंतर किती लवकर कोणी त्याला कोर्टावर आणलं यावर मोजायची.

थांबायचा निर्णय क्रमवारी पाहून घेतला जातो, तो खांदा पाहून घ्यावा. सहा आठवड्यांची विश्रांती आणि व्यायाम घेऊनही पलंगावरून खुर्चीत जाताना दुखत असेल, तर एकेरी सोडून दुहेरी, तेही जमत नसेल तर रॅकेट खाली. त्यानंतर कोच, पंच, वर्गीकरण पॅनेलवरचा तांत्रिक जाणकार अशी कामं आहेत, आणि मुंबईत सध्या नव्या मुलांची खुर्ची नीट मापात बसवून देऊ शकेल असा माणूस शोधावा लागतो.